सुरईला दुसरं नाव नाही : कार्थेज, इ.स. २०३

"बाबा, ही इथे ठेवलेली सुरई दिसते का तुम्हाला?"

"दिसते."

"तिला सुरई सोडून दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का?"

"नाही."

"तसंच माझं आहे. मी जी आहे, त्याशिवाय दुसरं काही स्वतःला म्हणवून घेऊ शकत नाही. मी ख्रिस्ती आहे."

बोलणारी विबिया पर्पेतुआ. वय सुमारे २२, लग्न झालेलं, अंगावर पिणारा मुलगा. ऐकणारे तिचे वडील. लेक पहाऱ्यात आहे आणि तिने एवढा एक शब्द मागे घेतला तर घरी येईल, म्हणून ते समजावायला आले आहेत. त्या शब्दाने ते इतके भडकले की तिचे डोळे उपटून काढायला धावले, असं तिने लिहून ठेवलंय. मग हरून निघून गेले. पुढचे काही दिवस वडील फिरकले नाहीत आणि त्याने मला हलकं वाटलं, देवाचे आभार मानले, असंही तिने लिहिलंय.

या शेवटच्या वाक्यामुळे हे प्रकरण मला कधीच सोडून गेलं नाही. संताचं चरित्र रचायला बसलेला भाविक असं वाक्य लिहीत नाही. त्याची संत वडिलांसाठी प्रार्थना करते, क्षमा मागते. इथे मात्र एक थकलेली तरुण बाई खरं ते सांगतेय : बाबा आले नाहीत, बरं झालं.

सुरुवातीच्या ख्रिस्ती रक्तसाक्षींच्या, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांच्या, बहुतेक कथा दुसऱ्यांनी लिहिलेल्या आहेत. काही खटल्याच्या नोंदींवरून, काही ऐकीव, आणि पुष्कळशा शंभर-दोनशे वर्षांनी भक्तिभावाने सजवलेल्या. पर्पेतुआची कथा वेगळी आहे. 'पर्पेतुआ आणि फेलिसितास यांचं दुःखसहन' या लॅटिन लेखाची २१ छोटी प्रकरणं आहेत. सुरुवात आणि शेवट एका अनाम संपादकाचा, ३ ते १० ही प्रकरणं पर्पेतुआची, आणि त्यापुढची तीन तिचा सोबती सातुरस याची. काही अभ्यासक तिच्या कर्तृत्वावर शंका घेतात. पण संपादकाची लॅटिन घोटीव, लांबलचक वाक्यांची आहे आणि तिची तुटक, बोलीच्या वळणाची. दोन हात वेगळे आहेत हे कानाला कळतं. तो हात तिचाच आहे असं मानणाऱ्यांपैकी मी आहे.

कोण होते हे लोक

कार्थेज म्हणजे आजच्या ट्युनिस शहराच्या कडेला असलेलं समुद्राकाठचं ठिकाण. रोमने इ.स.पूर्व १४६ मध्ये ते उद्ध्वस्त केलं, पुढे स्वतःच तिथे वसाहत उभारली, आणि इ.स. २०० च्या सुमाराला ते साम्राज्याच्या पश्चिम भागातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी एक होतं. तेव्हाचा सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस हाही आफ्रिकेतलाच, आजच्या लिबियातल्या लेप्टिस माग्ना शहराचा.

पकडलेले सगळे तरुण होते : रेव्होकातस आणि त्याच्यासोबतची गुलाम स्त्री फेलिसितास, सातुर्निनस, सेकुंदुलस आणि पर्पेतुआ. यांना धर्म शिकवणारा सातुरस पकडापकडीच्या वेळी तिथे नव्हता. त्याने नंतर आपणहून स्वतःला हवाली केलं. फेलिसितास ही पर्पेतुआची दासी होती असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं आढळतं. मूळ लेखात तसं म्हटलेलं नाही. मालकीण आणि तिची इमानी दासी ही जोडी पुढच्यांना गोड वाटली असावी. लेखात दिसतात त्या एकाच कोठडीतल्या दोन बायका.

हे सगळे दीक्षार्थी होते, म्हणजे शिकवणी चालू होती पण बाप्तिस्मा व्हायचा होता. तो पहाऱ्यात असतानाच झाला. ही बाब महत्त्वाची आहे, कारण सेव्हेरसने ख्रिस्ती व्हायला बंदी घालणारा हुकूम काढल्याचं एका जुन्या चरित्रग्रंथात आहे आणि काही जण या अटकेचा संबंध त्याच्याशी लावतात. पण तो ग्रंथ फारसा भरवशाचा नाही. शिवाय अटकेला नवा हुकूम लागतच नव्हता. त्याआधी सुमारे ९० वर्षं, बिथिनियाचा (आजच्या तुर्कस्तानातला प्रांत) सुभेदार प्लिनी याने सम्राट त्रायानला विचारलं होतं की या लोकांचं करायचं काय. त्रायानने कळवलं : मुद्दाम शोधत फिरू नका, कुणी समोर आणलं आणि गुन्हा शाबीत झाला तर शिक्षा करा, 'मी ख्रिस्ती नाही' म्हणून आपल्या देवांना पुजून दाखवलं तर सोडून द्या, निनावी तक्रारी घेऊ नका.

हा कायदा चमत्कारिक आहे. चोराने 'यापुढे मी चोर नाही' म्हटलं म्हणून चोरी माफ होत नाही. इथे मात्र तोंडातून निघालेल्या एका शब्दावर सगळं ठरत होतं. याच कार्थेजमध्ये राहणाऱ्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने इ.स. १९७ च्या सुमाराला नेमकं यावर बोट ठेवलं : इतर आरोपींना तुम्ही कबूल करावं म्हणून छळता, आम्हाला मात्र नाकारावं म्हणून छळता. सुरईचा संवाद या पार्श्वभूमीवर वाचावा. पर्पेतुआकडून कुणालाही माहिती नको होती, साथीदारांची नावंही नको होती. फक्त नाव बदलून हवं होतं.

दूध

"इतका काळोख मी कधी पाहिला नव्हता." कैदखान्याबद्दल तिचं पहिलं वाक्य साधारण हे. गर्दी, गुदमरवणारा उकाडा, शिपायांची पैशांसाठी दमदाटी. आणि या सगळ्यावर मुलाची काळजी. मरणाच्या भीतीपेक्षा ती आधी लिहिते ती ही काळजी.

तेर्तियस आणि पोंपोनियस हे दोन डीकन, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे सेवक, बाहेरून मदतीला होते. त्यांनी पैसे चारून कैद्यांना काही तास बऱ्या जागी हलवलं. तिथे तिच्याकडे मूल आणलं तेव्हा ते भुकेने मलूल झालं होतं. तिने त्याला पाजलं, आईशी त्याच्याबद्दल बोलली, भावाला धीर दिला. असे बरेच दिवस गेले. मग बाळाला कैदखान्यातच जवळ ठेवायची परवानगी मिळाली आणि तिने लिहिलं : कैदखाना एकाएकी माझा वाडा झाला, दुसरीकडे कुठे असण्यापेक्षा मला इथेच असावंसं वाटू लागलं.

हे वाचताना आपण तिची श्रद्धा पाहतो. पण तिच्या मनाला उतार पडला तो मूल मांडीवर आल्यावर. तिने ते लपवलं नाही. तिच्या लिखाणातून दुधाचा धागा काढून टाकला तर फार थोडं उरेल, असं मला वाटतं.

भावाने तिला विचारलं, आपल्याला मरण आहे की सुटका, हे देवाकडून कळून घे. तिला दृष्टांत झाला. आभाळाला भिडलेली कांस्याची शिडी, इतकी अरुंद की एका वेळी एकानेच चढावं. दोन्ही कडांना तलवारी, भाले, आकडे, सुरे लावलेले, जरा निष्काळजीपणे चढलं की मांस फाटेल. पायथ्याशी अजगरासारखा मोठा सर्प. सातुरस आधी चढला. तिने सर्पाच्या डोक्यावर पहिल्या पायरीसारखा पाय दिला आणि चढली. वर मोठी बाग होती. पांढऱ्या केसांचा, मेंढपाळाच्या वेशातला एक उंच पुरुष मेंढ्यांची धार काढत बसला होता, भोवती पांढऱ्या कपड्यांतले हजारो लोक. तो म्हणाला, "ये पोरी, बरं झालं आलीस." आणि काढत असलेल्या दुधाचा घट्ट घास तिला दिला. तिने तो ओंजळीत घेतला, खाल्ला, भोवतीचे 'आमेन' म्हणाले. त्या आवाजाने ती जागी झाली, तेव्हा तोंडात काहीतरी गोड चघळत होती.

स्वर्गात भाकर आणि द्राक्षारस मिळेल अशी ख्रिस्ती वाचकाची अपेक्षा. या बाईला दूध मिळतं. रोज पाजणाऱ्या आईला स्वप्नात कुणीतरी भरवतं.

जागी झाल्यावर तिने भावाला सांगितलं : मरणच आहे.

दोन माणसं न्यायासनापुढे

सुनावणीची बातमी पसरली तसे वडील पुन्हा आले. या वेळी राग नव्हता. "माझ्या पिकल्या केसांची दया कर. भावांचा विचार कर, आईचा, मावशीचा विचार कर. तुझ्यामागे जगू न शकणाऱ्या तुझ्या पोराचा विचार कर." ते तिचे हात चुंबत होते, पाया पडत होते, आणि रडत रडत तिला लेक न म्हणता बाईसाहेब म्हणत होते. रोमन कायद्यात बापाचा अधिकार किती होता ते माहीत असलेल्याला या एका शब्दात काय उलटंपालटं झालं ते कळेल. घरात ज्याचा शब्द कायदा, तो पोरीच्या पायाशी आहे. तिला त्यांचं वाईट वाटतं, ती त्यांना धीर द्यायला बघते, पण शब्द बदलत नाही.

दुसऱ्या दिवशी जेवता जेवता सगळ्यांना उठवून चौकात नेलं. गर्दी लोटली. उच्चासनावर हिलारियानस बसला होता. तो मुळात वसुली-हिशेब पाहणारा अधिकारी. सुभेदार वारल्यामुळे देहदंडाचा अधिकार त्याच्याकडे आला होता. इतरांनी कबुली दिली. पर्पेतुआची पाळी आली आणि वडील मूल कडेवर घेऊन पुढे आले, तिला पायरीवरून खाली ओढत म्हणाले, "बळी दे. बाळाची दया कर."

हिलारियानसही तेच म्हणाला. म्हाताऱ्या बापाची कीव कर, लहान लेकराची कीव कर, सम्राटांच्या कुशलासाठी बळी दे.

"नाही देत."

"तू ख्रिस्ती आहेस?"

"ख्रिस्ती आहे."

लॅटिनमध्ये ही उत्तरं दोन-दोन शब्दांची आहेत. वडील तरीही तिला मागे ओढत राहिले तेव्हा हिलारियानसने त्यांना खाली पाडायचा हुकूम दिला आणि त्यांच्यावर छडी बसली. तिने लिहिलंय : बाबांना लागलं ते जणू मलाच लागलं, त्यांच्या केविलवाण्या म्हातारपणाचं मला इतकं दुःख झालं. मग निकाल : सगळे जनावरांपुढे, म्हणजे भरल्या रंगणात हिंस्र जनावरांच्या तोंडी.

हिलारियानसला राक्षस ठरवणं सोपं आहे. मला तो तसा दिसत नाही. त्याच्या लेखी सम्राटासाठी बळी देणं म्हणजे साऱ्या समाजाचं भलं चिंतणं होतं, आणि त्याने तिला वाट दोनदा मोकळी करून दिली. पण म्हाताऱ्या बापाला मुलीसमोर मारायची काही गरज नव्हती. कायद्याने त्याच्याकडून ते मागितलं नव्हतं.

निकालानंतर तिने पोंपोनियसला बाळ आणायला पाठवलं. वडिलांनी दिलं नाही. पुढे ती लिहिते की देवाच्या इच्छेने बाळाने नंतर अंगावरचं दूध मागितलं नाही आणि माझ्या छातीलाही दाह झाला नाही, म्हणजे मला बाळाची चिंता आणि छातीची वेदना दोन्ही सोसावी लागू नये म्हणून. ज्या बाईचं बाळ अचानक तुटलंय तिला छातीत दूध तटतं म्हणजे काय होतं ते सांगायला नको. या ओळीत चमत्कार असेल, पण ती आईने लिहिलेली ओळ आहे, दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

तिची आणखीही स्वप्नं आहेत. धाकटा भाऊ दिनोक्रातेस सात वर्षांचा असताना चेहऱ्यावरच्या रोगाने गेला होता. तो तिला तहानलेला दिसतो, समोर पाण्याचा हौद, पण काठ त्याच्या उंचीपेक्षा वर. ती दिवसरात्र प्रार्थना करते. पुन्हा दिसतो तेव्हा काठ बेंबीपर्यंत खाली आलेला असतो, तो पोटभर पाणी पितो आणि मुलांसारखा खेळायला पळतो. झुंजीच्या आदल्या दिवशीच्या स्वप्नात ती स्वतः पुरुष होऊन एका इजिप्शियन मल्लाशी लढते आणि त्याच्या डोक्यावर पाय देते. इथे तिचं लिखाण थांबतं. शेवटी एवढंच म्हणते : झुंजीच्या दिवशी काय झालं ते ज्याला लिहायचं असेल त्याने लिहावं.

फेलिसितास

हिने काही लिहिलं नाही. जे आहे ते संपादकाने सांगितलेलं.

पकडली तेव्हा ती गरोदर होती आणि झुंजीचा दिवस जवळ आला तेव्हा आठवा महिना होता. गर्भार बाईला देहदंड देता येत नसे. त्याच काळातला कायदेपंडित उल्पियन यानेही प्रसूतीपर्यंत शिक्षा लांबणीवर टाकावी असं लिहिलंय. तिला सुटका मिळाली नसती. आपली माणसं पुढे जातील आणि नंतर कधीतरी अनोळखी गुन्हेगारांबरोबर एकटीला मरावं लागेल, हे तिचं दुःख होतं. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली आणि तिला कळा सुरू झाल्या.

आठव्या महिन्याची प्रसूती, कैदखान्यातली. ती कळांनी ओरडली तेव्हा एक पहारेकरी म्हणाला, "आत्ताच एवढी रडतेस, जनावरांपुढे टाकल्यावर काय करशील?"

ती म्हणाली, "आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय. तिथे माझ्या आत दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल, कारण मीही त्याच्यासाठी सोसणार आहे."

मुलगी झाली. एका ख्रिस्ती बहिणीने तिला आपली लेक म्हणून वाढवलं.

प्रसूतीत ओरडणाऱ्या बाईला टोमणा मारणारा माणूस कुठल्याही काळात सापडतो. त्याला असं उत्तर देणारी गुलाम बाई सापडत नाही. तिच्या हाती लेखणी असती तर आपल्याला काय मिळालं असतं, हा विचार मला पर्पेतुआची पानं वाचतानाही छळतो. एकीला शिक्षण मिळालं होतं, दुसरीला मिळालं नव्हतं, आणि म्हणून एकीची आठ प्रकरणं आहेत आणि दुसरीचं एक वाक्य.

७ मार्च

सेकुंदुलस कैदखान्यातच वारला. बाकीचे ७ मार्च २०३ रोजी रंगणात उतरले. निमित्त सम्राटाचा धाकटा मुलगा गेता याच्या वाढदिवसाचं होतं. आदल्या रात्रीच्या शेवटच्या जेवणाला त्यांनी प्रेमभोजनाचं, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या एकत्र जेवणाचं, रूप दिलं. बघ्यांची गर्दी जमली तेव्हा सातुरस म्हणाला, "आमचे चेहरे नीट बघून ठेवा, त्या दिवशी ओळखता यावेत." कैदखान्याचा जमादार पुदेन्स तोवर यांच्या बाजूचा झाला होता.

दारात त्यांना पोशाख चढवायला सांगितलं, पुरुषांना सातुर्न देवाच्या पुजाऱ्यांचा आणि बायकांना सेरेस देवीच्या पुजारणींचा. पर्पेतुआने नकार दिला : हे करायला लागू नये म्हणूनच तर आम्ही जीव द्यायला तयार झालो, आपलं ठरलं होतं तसं. अधिकाऱ्याने ऐकलं. या दिवसातला हा एकच विजय, आणि तो तिने युक्तिवादाने मिळवला.

पुरुषांवर बिबट्या, अस्वल, रानडुक्कर सोडले. डुकराने सोडणाऱ्यालाच फाडलं, अस्वल पिंजऱ्याबाहेर येईना. बिबट्याच्या एकाच चाव्याने सातुरस रक्ताने न्हाला, तसे लोक ओरडले, "आंघोळ छान झाली!" हमामखान्यात एकमेकांना म्हणायची ती नेहमीची शुभेच्छा. पुदेन्सची अंगठी मागून घेऊन त्याने ती जखमेत बुडवली आणि आठवण म्हणून परत दिली.

बायकांसाठी माजलेली गाय ठेवली होती. दोघींना नागवं करून जाळ्यांत गुंडाळून आणलं. आणि इथे गर्दी शहारली. एक कोवळी पोर, दुसरी नुकतीच बाळंतीण, छातीतून दूध ठिबकतंय. आरडाओरडा करणाऱ्या त्याच लोकांना हे पाहवलं नाही. दोघींना परत नेऊन सैल अंगरखे घातले.

गाईने पर्पेतुआला उडवलं. ती पाठीवर पडली, उठून बसली, फाटलेला अंगरखा मांडीवर ओढून घेतला. मग केसांचा काटा शोधून सुटलेले केस बांधले. मोकळे केस सुतकातल्या बाईचे, आणि आजचा दिवस तिच्या लेखी सुतकाचा नव्हता. पलीकडे फेलिसितास चेंगरून पडली होती. तिला हात देऊन उठवलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. मग भानावर येत तिने विचारलं, "आपल्याला त्या गाईपुढे कधी टाकणार?" अंगावरच्या खुणा दाखवल्या तेव्हा तिला पटलं.

शेवटी गळे कापायचे होते. लोकांनी ते डोळ्यांसमोर व्हावं असा हट्ट धरला. ते आपणहून चालत गेले, एकमेकांना शांतीचं चुंबन दिलं. बाकीचे आवाज न करता गेले. पर्पेतुआच्या वाट्याला नवशिका तलवारबाज आला. त्याची तलवार हाडात बसली आणि ती किंचाळली. मग त्याचा थरथरता हात धरून तिने स्वतःच गळ्यावर नेला.

ती किंचाळी संपादकाने गाळली नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

पुढे

गेताला २११ मध्ये त्याचा भाऊ काराकाल्ला याने मारवलं आणि शिलालेखांवरून त्याचं नाव खरवडून काढलं. त्याच्या वाढदिवसाला मेलेल्यांचा स्मरणदिन मात्र टिकला. इ.स. ३५४ च्या रोमन पंचांगात ७ मार्चला पर्पेतुआ आणि फेलिसितास आहेत. मिस्साच्या (कॅथलिक उपासनेच्या) जुन्या रोमन प्रार्थनेत स्त्री रक्तसाक्षींची यादी येते, तिथे आधी फेलिसितास आणि मग पर्पेतुआ. प्रार्थनेत ही नावं ऐकताना गुलाम बाईचं नाव पहिलं येतं, याकडे माझं लक्ष दरवेळी जातं.

पुढे आफ्रिकेतलाच बिशप ऑगस्टीन याने त्यांच्या सणाला प्रवचनं दिली. दोन नावं जोडली की 'अक्षय सौख्य' असा अर्थ होतो, हा श्लेष त्याचा आवडता. पण दिनोक्रातेसच्या स्वप्नाचा आधार घेऊन कुणी वाद घालू लागला तेव्हा हा लेख म्हणजे शास्त्र नव्हे, असंही त्याने बजावलं. दरम्यान कथेच्या आटोपशीर आवृत्त्या निघाल्या. त्यांत सुनावणी लांबवली आणि पर्पेतुआच्या नवऱ्याला आणून उभं केलं. मूळ लेखात तो कुठेच नाही. 'रीतसर लग्न झालेली' एवढंच संपादक म्हणतो. या गैरहजेरीवर पुष्कळ तर्क झालेत. मला त्यापेक्षा हे बोलकं वाटतं की पुढच्यांना ती पोकळी सहन झाली नाही.

मूळ लॅटिन लेख सतराव्या शतकात लुकास होल्स्तेनियस याला मोंते कासिनोच्या मठातल्या हस्तलिखितात सापडला. ग्रीक पाठ १८८९ मध्ये जेरुसलेममध्ये रेंडेल हॅरिसच्या हाती लागला. त्यामुळे आज आपण सजवलेल्या आवृत्त्या बाजूला ठेवून तिचे स्वतःचे शब्द वाचू शकतो.

त्या शब्दांत मुलगा शेवटचा दिसतो तो आजोबांकडे, दूध न मागणारा. कैदखान्यात जन्मलेली मुलगी दिसते ती दुसऱ्या आईच्या हातात. लेखात रेव्होकातसचं नाव आहे, जमादाराचं आहे, लाच देणाऱ्या डीकनांचं आहे. या दोन लेकरांची नावं कुणी लिहिली नाहीत.